आलेल्यांनी लिहिलेला मुलूख : प्रस्तावना

व्होल्गा नदीकाठच्या त्वेर शहरातला अफनासी निकितिन नावाचा व्यापारी १४७०च्या आसपास चौलच्या बंदरात उतरला, घाट चढून जुन्नरला आला आणि ऐन पावसाळ्यात इथे अडकून पडला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असे त्याने आपल्या वहीत लिहून ठेवले. याच दिवसांत इथले लोक जमीन नांगरतात आणि पेरणी करतात, हेही त्याने टिपले. वास्को द गामा कालिकतला पोहोचला तो १४९८ मध्ये. म्हणजे युरोपातल्या ज्या मोजक्या वाचकांच्या हाती निकितिनची वही पडली, त्यांच्या हिंदुस्थानच्या चित्रात मलबारच्या मिरीच्या बरोबरीने कुकडीकाठचा चिखलही होता.

या संग्रहात जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांविषयी बाहेरून आलेल्या माणसांनी लिहिलेले मजकूर एकत्र ठेवले आहेत. लिहिणाऱ्यांत व्यापारी आहेत, वैद्य आहेत, फौजी अधिकारी आहेत, पक्ष्यांचे अभ्यासक आहेत, गड चढणारे भटके आहेत आणि बातमीदारही आहेत. त्यांच्या भाषा वेगळ्या, काळ वेगळे, येण्याची कारणे वेगळी. त्यांना एका जागी ठेवल्यावर एक गोष्ट लख्ख दिसते, आणि या प्रस्तावनेत मला तीच सांगायची आहे. प्रवासी ज्या कामासाठी येतो ते काम त्याच्या नजरेला वळण देते. तो निघून जातो, त्याचा कागद मागे राहतो, आणि पुढे येणारे त्या कागदातून मुलूख पाहतात. पुरेसा काळ गेला की त्या मुलखात राहणारेही स्वतःला त्याच कागदातून पाहू लागतात. पहिल्या दोन गोष्टी जगभर घडल्या आहेत. तिसरी आपल्या बाबतीत घडते आहे, म्हणून हे वाचन मला निकडीचे वाटते.

नव्या भूमीविषयीचा मजकूर अनेकदा ती भूमी दिसण्याच्या आधीच तयार असतो. कोलंबसाने समासात टिपा लिहून वाचलेली मार्को पोलोच्या प्रवासवर्णनाची प्रत आजही सेव्हिलच्या ग्रंथालयात जपून ठेवलेली आहे. त्या पुस्तकातला चीन आणि जपान डोक्यात घेऊनच तो अटलांटिक ओलांडून गेला, आणि क्यूबाच्या किनाऱ्यावर उभा राहूनही चीनच्या सम्राटाची वाट शोधत राहिला. कॅलिफोर्नियाचे उदाहरण याहून बोलके आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी स्पेनमध्ये गार्सी रोद्रिगेस दे मोन्ताल्व्हो या लेखकाची एक अद्भुत कादंबरी फार वाचली जात होती. तिच्यात सोन्याने भरलेले, केवळ स्त्रियांचे राज्य असलेले कॅलिफोर्निया नावाचे बेट आहे. स्पॅनिश दर्यावर्दी मेक्सिकोच्या पश्चिमेला पोहोचले तेव्हा समोर दिसलेल्या भूमीला त्यांनी हेच नाव दिले. ती भूमी बेट नाही हे कळल्यावरही पुढे कितीतरी वर्षे नकाशांत ती बेट म्हणूनच काढली जात होती. डोळ्यांनी पाहिलेल्यापेक्षा वाचलेले किती टिकाऊ असते, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

आपल्या डोंगराचे पहिले परदेशी चित्रही असेच दुरून काढलेले आहे. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या कुणा ग्रीकभाषी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतची बंदरे, माल आणि वारे यांची माहितीपुस्तिका लिहिली. ‘पेरिप्लस’ नावाने ती ओळखली जाते. तिच्यात कल्याण आहे, चौल आहे, पैठण आणि तेर आहेत. किनाऱ्यामागच्या मुलखाचे वर्णन मात्र दोन-तीन वाक्यांतच उरकलेले आहे: ओसाड प्रदेश, मोठे पर्वत, बिबटे, वाघ, हत्ती, प्रचंड सर्प, तरस, नाना जातींची माकडे, आणि त्यापलीकडे माणसांनी गजबजलेले देश. बंदरात बसून माल मोजणाऱ्याला डोंगर एवढाच दिसणार. आत नेमके काय आहे हे कळण्याची त्याला गरज नव्हती, कारण माल गाड्यांवरून आणि जनावरांवरून त्याच्यापर्यंत येत होता.

तो माल ज्या वाटांनी उतरे, त्यांतली एक आपल्या नाणेघाटाची. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. कोणते यज्ञ केले, किती गाई, किती हत्ती-घोडे, किती कार्षापणे दक्षिणा दिली, याची त्यात मोजदाद आहे. ‘पेरिप्लस’च्या लेखकाने जो प्रदेश ओसाड म्हणून सोडून दिला, त्याच्या तोंडाशीच राजघराण्याने आपला हिशेब दगडात कोरून ठेवला होता, आणि तोही त्या पुस्तिकेच्या आधी. जुन्नरभोवतीच्या लेण्यांत आणखी एक मौल्यवान गोष्ट आहे: तीन यवनांचे दानलेख. इरिल नावाच्या एकाने पाण्याची दोन टाकी दिली, चित नावाच्या दुसऱ्याने संघाला भोजनमंडप दिला, आणि चंद नावाच्या तिसऱ्याने लेण्याच्या दर्शनी भागाचे काम करून दिले. हे लोक बाहेरचे होते किंवा बाहेरून आलेल्यांचे वंशज होते. त्यांनी या भूमीचे वर्णन केले नाही. इथल्या प्राकृतात, इथल्या लिपीत, इथल्या भिक्षूंसाठी केलेल्या दानाची नोंद तेवढी कोरली. या संग्रहाची सुरुवात मी त्यांच्यापासून मुद्दाम केली आहे. बाहेरून आलेल्या माणसाचा मुलखाशी असाही संबंध असू शकतो, हे पुढचे सगळे वाचताना लक्षात राहावे म्हणून.

आता पुन्हा निकितिनकडे. तो होर्मुझहून घोडा घेऊन आला होता. शंभर रूबल मोजून घेतलेला तो घोडा विकून नफा करायचा, एवढा त्याचा बेत होता. दख्खनेत घोडे निपजत नाहीत, बैल आणि म्हशी निपजतात. घोड्यांना इथे कडधान्य चारतात आणि साखर-तुपाची खिचडी शिजवून घालतात, ही त्याची निरीक्षणे घोड्याच्या व्यापाऱ्याचीच आहेत. जुन्नर त्याला दिसते ते एका खडकावर, माणसाने न बांधलेल्या, देवानेच तटबंदी केलेल्या जागी, जिथे अरुंद वाटेवर दोन माणसांना एकावेळी जाता येत नाही. जुन्नर तेव्हा बहमनी राज्यात होते आणि इथे असदखानाचा अंमल होता. निकितिन मुसलमान नाही हे कळल्यावर खानाने त्याचा घोडा काढून घेतला, धर्म बदललास तर घोडा आणि वर हजार मोहरा देईन, नाहीतर दोन्ही वसूल करीन असे बजावले आणि चार दिवसांची मुदत दिली. ख्वाजा महंमद नावाच्या खुरासानी सद्गृहस्थाने रदबदली केली म्हणून तो सुटला. हा प्रसंग सांगून झाल्यावर निकितिन आपल्या देशबांधवांना सल्ला देतो की हिंदुस्थानात जायचे असेल तर आपला धर्म घरी ठेवून जा. तो पुढे तक्रार करतो की तिथे माल खूप आहे असे सांगून मला फसवले, आपल्या देशाच्या कामाचे तिथे काहीच नाही.

एका माणसाचे जुन्नर हे असे आहे: पाऊस, चिखल, एक हिरावलेला घोडा, एका परक्याची माया, आणि फसलेला व्यापार. यातली प्रत्येक गोष्ट खरी असावी. या वहीचे पुढे काय झाले ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. निकितिन परतीच्या वाटेवर स्मोलेन्स्कच्या अलीकडे वारला. त्याची वही व्यापाऱ्यांच्या हातून मॉस्कोला पोहोचली आणि १४७५ मध्ये राजदरबारच्या इतिवृत्तात तिची नक्कल झाली. त्यानंतर तीन शतकांहून अधिक काळ ती मठांतल्या हस्तलिखितांत जवळपास विस्मरणात गेली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासकार करमझिन यांना ती सापडली, तेव्हा त्यांनी तिच्यात रशियाचा मान पाहिला: पोर्तुगीज अजून हिंदुस्थानची वाट शोधत होते तेव्हा आपला एक व्यापारी तिथे फिरून आला होता. १८५७ मध्ये लंडनच्या हक्लुइत सोसायटीने तिचे इंग्रजी भाषांतर छापले, ते जगाच्या शोधाच्या इतिहासातला एक दुवा म्हणून. १९५७ मध्ये ख्वाजा अहमद अब्बास आणि वसिली प्रोनिन यांनी तिच्यावर ‘परदेसी’ हा चित्रपट काढला. त्यात नर्गिस होती, आणि दोन देशांच्या मैत्रीची ती गाथा झाली. चौलजवळच्या रेवदंड्यात आज निकितिनचे स्मारक उभे आहे.

वही एकच होती. दरबाराने तिच्यात दूरदेशची माहिती वाचली, करमझिन यांनी राष्ट्राचा अभिमान वाचला, सोव्हिएत काळाने मैत्री वाचली. हिंदुस्थानात आपल्या कामाचे काही नाही, हा तिच्या लेखकाचा स्वतःचा निष्कर्ष यांतल्या कुणालाच फारसा नको होता. प्रवासवर्णन दोनदा घडते: एकदा प्रवाशाच्या गरजेने, एकदा वाचकाच्या गरजेने. या संग्रहातला प्रत्येक उतारा वाचताना या दोन्ही गरजा कोणत्या, हा प्रश्न हाताशी ठेवावा.

दोनशे वर्षांनी, १६७०च्या दशकात, ईस्ट इंडिया कंपनीचा शल्यवैद्य जॉन फ्रायर मुंबईहून कल्याण-मुरबाडमार्गे जुन्नरला आला. जुन्नरच्या मोगल सुभेदाराने त्याला औषधोपचारासाठी बोलावले होते. शिवरायांचा जन्म ज्या शिवनेरीवर झाला तो गड तेव्हा मोगलांकडे होता, आणि आजूबाजूचा मुलूख लढायांनी होरपळला होता. वाटेतली उजाड गावे आणि भुकेली रयत फ्रायरने पाहिली आणि लिहिली. गडही त्याने आतून पाहिला. जनान्यात पडद्याआडून बाहेर आलेला हात तपासायला दिला गेला तेव्हा आधी एका धडधाकट बाईचा हात पुढे करून त्याचीच परीक्षा घेतली गेली, हा त्याने सांगितलेला प्रसंग वाचकाला विसरता येत नाही. वैद्य असल्यामुळे तो जिथे पोहोचला तिथे दुसरा कुणी परका पोहोचला नसता. कंपनीचा नोकर असल्यामुळे त्याचा राग-लोभही ठरलेला होता, आणि मराठ्यांविषयी त्याची लेखणी कडवट आहे. त्याचे पुस्तक लंडनमध्ये १६९८ साली छापून निघाले. तोवर मराठे आणि मोगल यांच्यातले सगळे डाव पालटले होते, पण इंग्रज वाचकाला मिळाले ते वीस-बावीस वर्षांपूर्वीचे जुन्नर. आपले इतिहासकार फ्रायरचा आधार घेतात आणि तो घ्यायलाच हवा. उजाड गावांविषयीची त्याची साक्ष त्याच्या कडवटपणामुळे खोटी ठरत नाही, आणि ती साक्ष खरी म्हणून त्याचा कडवटपणा न्याय्य ठरत नाही. दोन्ही वेगवेगळे तोलायचे आहेत.

अशा वाचनात आपली एक सवयही तपासावी लागते. सातव्या शतकात ह्यूएन त्संग महाराष्ट्रात आला. इथली माणसे मानी, उपकार न विसरणारी आणि अपमानाचा सूड घेणारी आहेत, असे त्याने लिहिले, आणि शाळेच्या पुस्तकांपासून व्यासपीठांपर्यंत आपण ते आनंदाने सांगत आलो. फ्रायरचे आपण सोयीपुरते घेतो. स्तुती करणारा प्रवासी जाणता, आणि निंदा करणारा पूर्वग्रहदूषित, ही वाटणी आपण कधी केली ते आपल्यालाही कळत नाही. ज्या कसोटीवर फ्रायरला तपासायचे त्याच कसोटीवर ह्यूएन त्संगलाही तपासले पाहिजे.

एकोणिसाव्या शतकात येणाऱ्यांचे स्वरूप बदलले. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि हा मुलूख इंग्रजांच्या हिशेबात आला. कर्नल विल्यम साइक्स हे दख्खनचे आकडेवार वृत्त तयार करण्यासाठी नेमलेले अधिकारी होते. गावे, पिके, जमीनधारा, हवामान, पक्षी, प्राणी, सगळ्यांची त्यांनी नोंद केली. १८२८ मध्ये ते नाणेघाटात गेले आणि तिथल्या लेखांकडे विद्वानांचे लक्ष प्रथम त्यांनी वेधले. जुन्नरच्या लेण्यांतल्या लेखांच्या नकला त्यांनीच प्रसिद्ध केल्या. पुढे भगवानलाल इंद्रजींसारख्या पंडितांनी ते लेख वाचले आणि सातवाहनांचा इतिहास उभा राहिला. हे ऋण मोठे आहे आणि ते मान्य करताना हात आखडता घेऊ नये. याच साइक्स यांनी सह्याद्रीतल्या शेकरूचे शास्त्रीय वर्णन १८३१ मध्ये केले आणि त्या जातीला मुंबईचे माजी गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचे नाव दिले. भीमाशंकरच्या झाडाझाडांवर पिढ्यान्‌पिढ्या दिसणारा, आज महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेला हा जीव जगाच्या ग्रंथांत एका गव्हर्नरच्या नावाने गेला. रानात राहणाऱ्या कोळी-ठाकरांना त्याचे घरटे, खाणे, हाक सगळे ठाऊक होते. ते ज्ञान नोंदीत शिरले असेल, पण ज्यांनी ते दिले त्यांची नावे शिरली नाहीत.

याहून गंभीर गोष्ट माणसांच्या वर्णनाची. महादेव कोळी समाजाचा पहिला सविस्तर लेखी वृत्तांत १८३०च्या दशकात कॅप्टन अलेक्झांडर मॅकिन्टॉश यांनी लिहिला. त्यात कुळे आहेत, लग्ने आहेत, देव आहेत, रीतिरिवाज आहेत, आणि अभ्यासकांना तो आजही लागतो. मॅकिन्टॉश या भागात आले ते १८२८ ते १८३० दरम्यानचे कोळ्यांचे उठाव मोडण्यासाठी. ज्यांचा पाठलाग करायचा त्यांची गावे, सोयरिकी, लपण्याच्या जागा माहीत असणे हे त्यांचे काम होते. त्या कामातून निघालेले पुस्तक पुढे सगळ्यांनी त्या समाजाचे चित्र म्हणून वाचले. १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये हीच दृष्टी आढळते. भीमाशंकरजवळच्या जांभोरीचा होन्या केंगले १८७० नंतरच्या वर्षांत सावकारांविरुद्ध उठला आणि १८७६ मध्ये पकडला गेला. सरकारी कागदांत तो दरोडेखोरांच्या टोळीचा म्होरक्या आहे. त्याच्या मागे असलेली सावकारी कर्जाची आणि हिरावलेल्या जमिनींची गोष्ट त्या कागदांतही ओळींच्या मध्ये सापडते, आणि डोंगरातल्या गावांच्या आठवणीत ती ठळक आहे. १८४८ मध्ये फाशी गेलेल्या राघोजी भांगऱ्यांचेही तसेच. एखाद्या समाजाचे पहिले चरित्र त्याला पकडायला आलेल्याने लिहिले असेल, तर पुढे लिहिणाऱ्याला निम्मी शक्ती ते चित्र पुसण्यातच खर्चावी लागते.

परके लिहितात तेव्हाच असे होते, असा समज कुणी करून घेऊ नये. मराठी माणूस बाहेर पडला तेव्हा त्याच्या लेखणीलाही तोच नियम लागू झाला. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेवरचे आपले पुस्तक १८८९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांना स्त्रियांच्या शिक्षणाचे आणि संघटनांचे काम उभारायचे होते, म्हणून त्यांच्या अमेरिकेत स्त्रियांच्या संस्था, शाळा, सभा ठळक आहेत, आणि त्या पुस्तकाने मराठी वाचकाच्या मनात इंग्लंडहून वेगळा असा एक देश प्रथमच उभा केला. अण्णा भाऊ साठे १९६१ मध्ये रशियाला गेले ते कष्टकऱ्यांच्या राज्याचे स्वप्न मनात धरून, आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ त्या स्वप्नाच्या उजेडात लिहिला गेला. निकितिन त्वेरहून जुन्नरला आला घोडा विकायला, अण्णा भाऊ मुंबईहून मॉस्कोला गेले एक आशा पडताळायला. दोघांनीही जे शोधले त्याच्याच संदर्भात देश पाहिला. रमाबाई आणि अण्णा भाऊ यांच्यावर माझे प्रेम आहे, म्हणूनच त्यांना या यादीत ठेवतो. हेतू असणे हा दोष नव्हे. हेतू ओळखून वाचणे ही वाचकाची जबाबदारी आहे.

मग मराठी माणूस शहरातून सह्याद्रीत आला. गो. नी. दांडेकरांनी गडकोटांचे वेड घरोघर पोहोचवले. आनंद पाळंदे यांच्या ‘डोंगरयात्रा’ने घाटवाटांची माहिती इतक्या नेटकेपणाने दिली की भटक्यांच्या पाठपिशवीत ते पुस्तक हक्काने राहू लागले. नाणेघाट, जीवधन, चावंड, हडसर, आहुपे घाट, सिद्धगड ही नावे पुण्या-मुंबईच्या तरुणांना त्यांच्यामुळे कळली. या साहित्याने मोठे काम केले. गड राखायला हवेत ही भावना त्यातून जन्मली.

त्यानंतरच्या लिखाणात मात्र एक ठरावीक चित्र पक्के होत गेले: धुके, धबधबे, हिरवे कडे, मानवाचा स्पर्श न झालेले रान. घोडेगावहून शिनोली आणि डिंभ्यावरून भीमाशंकरला किंवा आहुप्याला जाणारा प्रवासी हे चित्र घेऊनच येतो आणि त्याच्याशी जुळेल तेवढे टिपून परततो. त्या चित्रात हिरडा नसतो. या डोंगरातल्या महादेव कोळी कुटुंबांच्या वर्षाच्या रोख पैशाचा मोठा भाग बाळहिरड्यावर उभा असतो. भाताची खाचरे पोटापुरते देतात, हिरडा बाजारहाट, औषधपाणी आणि मुलांची शाळा चालवतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी कोवळी फळे झोडायची, वेचायची, अंगणात वाळवायची, आणि भाव काय मिळतो त्याकडे डोळे लावायचे. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने हिरड्याच्या झाडांचे मोठे नुकसान केले तेव्हा इथल्या घरांचे पुढच्या कितीतरी हंगामांचे गणित मोडले. ज्या रानाला प्रवासवर्णने अस्पर्शित म्हणतात, त्यातल्या कितीतरी झाडांवर कुणाचा ना कुणाचा हक्क आणि हात आहे. देवरायाही आपोआप टिकलेल्या नाहीत. १९७०च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला तेव्हा त्यांनी हेच दाखवून दिले की गावाच्या श्रद्धेने आणि नियमाने ती झाडे राहिली. अस्पर्शित म्हटले की राखणाऱ्याचे श्रेय जाते, आणि पुढे कधी निर्बंध घालायची वेळ आली तर त्याचा हक्कही सहज जातो. भीमाशंकरचे अभयारण्य १९८५ मध्ये झाले. रान वाचायला ते हवे होते. त्या रानात माणसे आधीपासून आहेत, ही गोष्ट मात्र त्या माणसांना वारंवार पटवून द्यावी लागली.

आजचा प्रवासी बहुधा बातमीतून येतो. जुन्नर वनविभागाचे नाव आता बिबट्याशी जोडले गेले आहे. कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी आणि कालव्यांनी इथे ऊस आणला, उसाने बिबट्याला दाट आडोसा दिला, आणि गावांना भीतीत राहणे भाग पडले. लेकरे गेली, माणसे गेली, त्याचे दुःख लहान नाही. माणिकडोहचे बिबट्या निवारा केंद्र याच प्रश्नातून उभे राहिले. तरी बातमीत पाणी, ऊस आणि बिबट्या यांची साखळी क्वचितच येते. हल्ला तेवढा येतो. ‘पेरिप्लस’च्या लेखकाने या डोंगरांविषयी लिहिताना पहिले नाव बिबट्याचे घेतले होते. जवळजवळ दोन हजार वर्षांनी बाहेरच्या वाचकापर्यंत आमचा मुलूख पुन्हा त्याच जनावराच्या नावाने पोहोचावा, हे मला स्वस्थ बसू देत नाही.

माळीणचे तर विचारूच नये. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खचला आणि आंबेगाव तालुक्यातले हे गाव चिखलाखाली गेले. दीडशेच्या आसपास माणसे मेली. गाव जागेवर नाही हे बाहेरच्या जगाला प्रथम कळले ते एसटीच्या चालकामुळे. त्या दिवसापूर्वी माळीणचे नाव पुण्यातसुद्धा फार जणांनी ऐकले नव्हते. त्या दिवसानंतर ते नाव दुर्घटनेचा पर्याय झाले. पुढे दुसरीकडे दरड कोसळली की बातमीत ‘माळीणची पुनरावृत्ती’ येते. गावात काय पिकत होते, जत्रा कधी भरत होती, कोण चांगले गात होते, याचा एक कागदही आधी लिहिला गेला नव्हता. आमडे गावाजवळ नवे माळीण वसले, घरे बांधून मिळाली. जुन्या माळीणचे चित्र मात्र मलब्याच्या छायाचित्रांवाचून दुसरे नाही. तालुक्याला ज्या गावाचे नाव आहे ते मूळ आंबेगावही डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले, आणि त्याच्याविषयी बाहेर जे लिहिले गेले त्यात धरणाची क्षमता अधिक, गाव कमी.

म्हणून या संग्रहाचा शेवटचा विभाग इथल्याच माणसांच्या लेखनाचा आहे, आणि त्याच्या अग्रभागी डॉ. गोविंद गारे यांचे नाव आहे. जुन्नर तालुक्यातल्या निमगिरीचा हा महादेव कोळी मुलगा शिकला, आदिवासी संशोधन संस्थेचा संचालक झाला, आणि ‘सह्याद्रीतील आदिवासी महादेव कोळी’ हे पुस्तक लिहिले. मॅकिन्टॉश यांच्या वृत्तांतानंतर शतकाहून अधिक काळाने त्या समाजाविषयी त्याच समाजातल्या माणसाने अभ्यासाच्या शिस्तीत लिहिले. गारे यांनी जुने वृत्तांत फेकून दिले नाहीत. ते वाचले, पडताळले, आणि जिथे घराच्या आतून दिसणारी गोष्ट वेगळी होती तिथे ती मांडली. मला हीच रीत योग्य वाटते. निकितिन, फ्रायर, साइक्स यांना नाकारून आपले भले होणार नाही. त्यांनी पाहिलेल्या कितीतरी गोष्टी आपण पाहणे सोडून दिले आहे. पावसाळ्यात चिखलात उभे राहून पेरणारा माणूस निकितिनला नोंदवावासा वाटला. आपल्या वर्णनांत आता फक्त पाऊस उरला आहे.

वाचकांनी प्रत्येक मजकुराला चार प्रश्न विचारावेत असे सुचवतो. हा माणूस कशासाठी आला होता? त्याला माहिती कुणी दिली, वाट कुणी दाखवली, ओझे कुणी वाहिले, आणि त्यांची नावे कुठे आहेत? तो वर्षातल्या कोणत्या दिवसांत इथे होता? आणि त्याचे लेखन पुढे कुणाच्या कामी आले? तिसरा प्रश्न साधा वाटेल, पण पावसाळ्यातल्या दोन दिवसांच्या भेटीवर लिहिलेला भीमाशंकर आणि चैत्रात हंडे घेऊन पाण्यासाठी चालणाऱ्या बाईचा भीमाशंकर यांतले अंतर त्याच एका प्रश्नाने उघड होते.

शाळा-महाविद्यालयांतल्या मुलामुलींना माझे सांगणे वेगळे आहे. तुम्ही गावावर निबंध लिहिता तेव्हा निसर्गरम्य परिसर, खळाळते झरे, डोंगराच्या कुशीतले टुमदार गाव, असे लिहिता. हे शब्द पाहुण्यांचे आहेत. तुमच्या आजीला कोणत्या खाचराला कोणते नाव आहे ते माहीत आहे, कोणत्या झाडाचा हिरडा आधी धरतो ते माहीत आहे, धरणात गेलेल्या वाडीत कुणाचे घर कुठे होते ते माहीत आहे. तारीख घालून, सांगणाऱ्याचे नाव घालून, तिच्या बोलीत ते लिहून घ्या. त्यात चूक राहिली तर पुढचा दुरुस्त करील, जसे गारे यांनी आधीच्यांना दुरुस्त केले. न लिहिलेल्याला दुरुस्त करता येत नाही. त्याची जागा बाहेरून येणारा पहिला कागद घेतो, मग तो व्यापाऱ्याचा असो, शिपायाचा असो की बातमीदाराचा. या संग्रहाच्या पुढच्या आवृत्तीत शेवटचा विभाग सगळ्यांत मोठा असावा, एवढ्यासाठी हे काम हाती घेतले आहे. त्यासाठी लागणारे लेखन या दोन तालुक्यांतूनच यायला हवे.

शिनोली,
तालुका आंबेगाव, जिल्हा पुणे